हिस्सेदार

त्याचं नाव सांगायला माझी काही हरकत नव्हती. अडचण वेगळीच आहे. लेबनॉनमध्ये सरकारमान्य पंथ अठरा. नाव सांगितलं की पंथ कळतो, आणि पंथ कळला की उरलेले सतरा विचारणार, "आमच्यातला का नाही घेतला?" चेष्टा करायची तर तीही तोलून-मापून वाटावी लागते, असा तो देश. एका मारोनाइट पुढाऱ्याची टिंगल केली तर तेवढ्याच वजनाची सुन्नीची करायला हवी; दोघांची झाली की शियांना हात लावल्याशिवाय सुटका नाही; आणि ड्रूझ विसरलात तर ते डोंगरावरून खाली उतरणार. म्हणून बिननावाचा, बिनपंथाचा एकच माणूस घेतो. ज्यावर कुणीच हक्क सांगायला येणार नाही, अशी लेबनॉनमधली ही बहुधा एकमेव जागा.

तिथे त्याला 'झईम' म्हणतात. झईम म्हणजे पुढारी, पण आपल्याकडच्या पुढाऱ्याला निदान माजी होण्याची भीती असते. झईम माजी होत नाही, फार तर आजोबा होतो. झईमपण बापाकडून येतं आणि मुलाकडे जातं. मधल्या काळात ते सांभाळणं एवढंच आपलं काम, असं तो नम्रपणे सांगतो. मी त्याला हिस्सेदार म्हणतो, कारण ज्या व्यवस्थेवर तो जगतो तिला तिथले लोक 'मुहासासा' म्हणतात. शब्द जरा कान देऊन ऐका. आत आपला 'हिस्सा' मांडी ठोकून बसलेला आहे.

शब्दांच्या बाबतीत हा माणूस आपला जुना नातलगच. हिस्सा अरबी. तो ज्यावर बसतो ती खुर्ची मूळची अरबी 'कुर्सी'. त्याची सगळी कामं ज्यावर चालतात त्याला तो 'वास्ता' म्हणतो, आपण वशिला म्हणतो, दोन्ही अरबीच. पंथाला तिथे 'ताइफा' म्हणतात. तो शब्द आपल्याकडे पोचेपर्यंत त्याचा तायफा झाला. शब्दांच्या प्रवासात अर्थ बिघडतो म्हणतात. इथे तो सुधारला असं माझं मत आहे.

सकाळी नऊ वाजता बैरूतमधला त्याचा दिवाणखाना भरतो. भिंतीला टेकून खुर्च्यांची रांग, मधली जागा मोकळी, समोर त्याची जरा उंच पाठीची खुर्ची. भिंतीवर वडिलांचा फोटो, त्याच्या शेजारी स्वतःचा. स्वतःचा फोटो चाळिशीतला आहे आणि गावात खांबाखांबांवर हाच लागतो, त्यामुळे पहिल्यांदा भेटायला आलेला माणूस त्यालाच "बेकसाहेब आहेत का घरात?" असं विचारतो. बेक म्हणजे तुर्की अमदानीतला मान. तुर्क जाऊन शंभर वर्षं झाली. मान तेवढा राहिला. एक म्हातारा नोकर चिमुकल्या कपांतून वेलदोडा घातलेली कडू कॉफी फिरवतो. बेकच्या हातात मण्यांची माळ असते. ती जपाची नाही. गप्पांच्या ओघात तो एकेक मणी सरकवत असतो तेव्हा तो मतं मोजतो की खाती, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही.

माणसं येतात. एकाच्या जावयाला बंदरावर चिकटवायचंय. एकाच्या आईला इस्पितळात खाट हवीय. एका गावाला डांबर हवंय, आणि ते शेजारच्या गावाच्या आधी हवंय. बेक काही लिहून घेत नाही. तो फोन उचलतो, "माझा माणूस येतोय" एवढे तीन शब्द बोलतो आणि ठेवतो. खाट मिळते. आता बघायला गेलं तर ती खाट सरकारी, इस्पितळाला पैसा आरोग्य खात्याचा, खात्यात पैसा त्याच म्हातारीने भरलेल्या कराचा. पण आरोग्य खातं यंदा बेकच्या हिश्शाला आलेलं आहे, त्यामुळे खाट देतो बेक. म्हातारी बरी होऊन घरी जाते आणि नातवंडांना सांगते, "सरकार काय कामाचं? बेक होता म्हणून वाचले." ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कमाई. सरकारचं काम सरकारने केलं असतं तर त्याच्याकडे आलं कोण असतं?

मध्येच वीज जाते. दिवाणखाना काळोखात बुडतो. कुणी हूं की चूं करत नाही. कप हातात तसाच धरून माणसं चार-पाच सेकंद थांबतात, आणि मग गल्लीतला जनरेटर खोकून सुरू होतो. लेबनॉनमध्ये घरटी विजेची बिलं दोन: एक सरकारी कंपनीचं, एक गल्लीच्या जनरेटरवाल्याचं. या गल्लीचा जनरेटरवाला बेकचा मावसभाऊ. वीज चोवीस तास यायला हवी, असं बेक प्रत्येक निवडणुकीत तळमळून सांगतो. मावसभाऊ तेव्हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो. त्याला बेकच्या शब्दाची किंमत पक्की ठाऊक आहे.

हा माणूस घडला कसा, हे सांगायचं तर थोडा हिशेब मांडावा लागेल. फ्रेंच अमलात 1932 साली लेबनॉनची शिरगणती झाली, तीत ख्रिश्चन थोडे जास्त भरले. 1943 साली स्वातंत्र्याच्या वेळी बिशारा अल-खूरी आणि रियाद अल-सोल्ह या दोघांनी तोंडी करार केला: राष्ट्राध्यक्ष मारोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, पुढे संसदेचा सभापती शिया असा रिवाज पडला. खासदारकीच्या जागा सहा ख्रिश्चनांना, तर पाच मुसलमानांना. त्यामुळे तिथली संसद अकराच्या पाढ्यात चालायची: कधी 44, कधी 55, कधी 66, शेवटी 99. पाढा चुकू नये म्हणून मग शिरगणतीच बंद झाली. 1932 नंतर आजतागायत ती झालेली नाही. वजनकाटा माळ्यावर टाकून दिला की माणूस जाड होत नाही, त्यातला प्रकार.

पण माणसं मोजली नाहीत तरी वाढायची राहत नाहीत. बाहेर पाढा सहास पाच आणि घरात माणसं भलतीच, हा ताण होता. त्यात पॅलेस्टिनी निर्वासित आणि त्यांचे बंदूकधारी आले, शेजारी सीरिया आणि इस्रायल बसलेले होतेच. 13 एप्रिल 1975 ला बैरूतच्या एका उपनगरात बसवर गोळीबार झाला आणि सुरू झालेलं युद्ध पंधरा वर्षं चाललं. सुमारे दीड लाख माणसं गेली. शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. मधल्या निर्मनुष्य पट्ट्यात इतकं रान माजलं की त्या सीमेला 'हिरवी रेषा' हे नाव शोभू लागलं. नाक्यानाक्यांवर ओळखपत्रं तपासत. ओळखपत्रावर पंथ छापलेला असे, आणि नाका चुकीचा निघाला तर त्या एका छापील शब्दाने माणूस मरे.

आमचा बेक तेव्हा तरुण होता. भिंतीवरचा फोटो त्यानंतरचा. त्याच्या आधीचे फोटो अल्बमात आहेत आणि अल्बम कपाटात. तेव्हा त्याच्या अंगात हिरवट गणवेश होता, दाढी होती, ताब्यात एक रस्ता होता. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रककडून त्याची पोरं कर घेत. तो याला खंडणी म्हणत नाही. "सरकार नव्हतं ना तेव्हा," तो म्हणतो, "कुणीतरी प्रशासन चालवायलाच हवं होतं."

मग ताइफ आलं. सौदी अरेबियातलं हे डोंगरावरचं थंड हवेचं शहर. 1989 च्या शरदात तिथे लेबनॉनचे 62 खासदार जमले. ही मंडळी 1972 साली निवडून आलेली. त्यानंतर युद्धामुळे निवडणूकच नाही, म्हणून सतरा वर्षं खासदारच होती. मतदारांनी पाडावं तर मतदान नाही. वयाने मात्र काहींना पाडलं होतं, 99 पैकी कितीतरी जागा त्यामुळेही रिकाम्या. या 62 जणांनी तीन आठवडे खल करून 22 ऑक्टोबरला करार केला. सहास पाचचं प्रमाण गेलं, निम्मे-निम्मे आलं. राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कापून मंत्रिमंडळाकडे दिले, पंतप्रधानाचं वजन वाढलं, सभापतीची मुदत एक वर्षाची होती ती चार वर्षांची झाली. थोडक्यात, गाडीत तिघांनाही पुढे बसवलं आणि प्रत्येकाच्या पायाखाली एकेक ब्रेक दिला. ॲक्सिलरेटर कुठे आहे, यावर चर्चा नंतर करायची ठरली.

युद्ध वर्षभरात थांबलं. 1991 साली माफीचा कायदा आला. तो बेकने चौकटीत घालून भिंतीवर लावायला हरकत नव्हती. युद्धातले बहुतेक गुन्हे माफ. अपवाद राजकीय आणि धार्मिक पुढाऱ्यांच्या हत्यांचा. म्हणजे रस्त्याने जाणारा साधा माणूस मारला असेल तर झालं गेलं विसरून जाऊ. पुढारी मारला असेल तर मात्र कायदा आपलं काम करील. कायदा पुढाऱ्यांनीच केलेला, तेव्हा त्यांना स्वतःच्या जिवाची किंमत जरा जास्त वाटली तर तो दोष म्हणता येणार नाही.

हिरवट गणवेश उतरला, करडा सूट चढला. टोळ्या विसर्जित झाल्या. एका मोठ्या संघटनेने शस्त्रं स्वतःकडे ठेवली ती ठेवलीच. बाकीच्यांची पोरं सैन्यात आणि सरकारी कचेऱ्यांत जिरली. ज्या रस्त्यावर काल बेक नाका लावून पैसे घेत होता, त्या रस्त्याचा आज तो बांधकाममंत्री झाला. लोक हसले. पण हसता हसता त्याच रस्त्याने बिनघोर गेले, हेही खरं.

बेकचा खरा हातखंडा कळायला तिथल्या मंत्रिमंडळाचं गणित कळायला हवं. मंत्री समजा तीस. महत्त्वाच्या ठरावाला दोन तृतीयांश मंत्री हवेत, आणि एक तृतीयांशाहून जास्त मंत्र्यांनी राजीनामा दिला की सरकारच पडतं. तिसाचा तिसरा हिस्सा दहा. मंत्री दहा असले तर माणूस सरकारात असतो. अकरा असले तर सरकार त्याच्यात असतं. या अकराव्या मंत्र्यासाठी बेक जे करील ते त्याने सख्ख्या मुलासाठी केलेलं नाही. 2008 च्या मे महिन्यात बैरूतच्या रस्त्यांवर पुन्हा गोळ्या चालल्या, तेव्हा सगळ्या झईमांना कतारमध्ये दोह्याला नेऊन बसवलं. तिथून समेट निघाला तो असा: बहुमतवाल्यांना सोळा, विरोधकांना अकरा, राष्ट्राध्यक्षाला तीन. जगाला त्यात शांतता दिसली. बेकला फक्त अकरा दिसला.

या अकराची गंमत पुढे 2011 च्या जानेवारीत झाली. तेव्हाच्या मंत्रिमंडळात विरोधकांना दहाच मिळाले होते. पंतप्रधान साद हरीरी वॉशिंग्टनला ओबामांना भेटायला गेले असताना इकडे त्या दहांनी राजीनामे दिले. दहांनी सरकार पडत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. तेवढ्यात राष्ट्राध्यक्षांच्या वाट्यातला एक मंत्री हळूच उठला आणि त्यानेही राजीनामा दिला. झाले अकरा. हरीरी निघाले तेव्हा पंतप्रधान होते, परतले तेव्हा काळजीवाहू. बेक ही गोष्ट सांगताना कॉफीचा कप खाली ठेवतो. ज्याला गायकीतली समेवरची जागा कळते, त्यालाच हा आनंद कळावा.

तेव्हापासून त्याचं ब्रीदवाक्य एकच: "माझ्याशिवाय काही होणार नाही." यात धमकी आहे आणि सेवाभावही आहे, ऐकणाऱ्याने हवा तो घ्यावा. सरकार बनवायचं तर खातेवाटप. तिथे खात्यांच्याही जाती असतात: अर्थ, गृह, संरक्षण, परराष्ट्र ही चार 'सार्वभौम' खाती; बांधकाम, वीज, दूरसंचार, आरोग्य ही 'सेवा' खाती, म्हणजे ज्यांत मतदाराला दिसण्याजोगं काही देता येतं ती; आणि उरलेल्यांना बिनखात्याची मंत्रिपदं. बेक सार्वभौम खातं मागतो आणि सेवा खात्यावर समाधान मानतो. एरवी त्याला सेवाच करायची असते. 2020 च्या ऑगस्टमध्ये एक सरकार पडलं, तर पुढचं यायला तेरा महिने लागले. राष्ट्राध्यक्षाचं तर विचारूच नका. 2014 ते 2016 अशी एकोणतीस महिने ती खुर्ची रिकामी होती. निवडीसाठी संसदेची बैठक बोलवायची, दोन तृतीयांश खासदार जमायचे नाहीत, पुढची तारीख. असं पंचेचाळीस वेळा झालं, शेहेचाळिसाव्या खेपेला राष्ट्राध्यक्ष मिळाला. त्याची मुदत 2022 च्या ऑक्टोबरात संपली, आणि खुर्ची पुन्हा 2025 च्या जानेवारीपर्यंत मोकळी. या बैठकांना बेक कधी गेला नाही. "मी मत दिलं नाही म्हणू नका," तो म्हणतो. "माझी रिकामी खुर्ची हेच माझं मत."

हिस्सेदारी एकदा अंगवळणी पडली की ती खुर्चीपाशी थांबत नाही. ताइफच्या करारात पंथाची समसमान वाटणी फक्त वरच्या श्रेणीच्या पदांना ठेवली होती. पण मध्यंतरी जंगलरक्षकांच्या जागा निघाल्या, पोरांनी परीक्षा दिली, पास झाली, यादी लागली आणि अडकून पडली. कारण पास झालेल्यांत पंथांचा तोल नव्हता. झाडांना पंथ नसतो, राखणदाराला असतो. बेकचं यावरही म्हणणं आहे. "आमची पोरं नापास झाली यात माझा दोष नाही, पण त्यांची पास झाली हा अन्याय आहे."

इतिहासाचंही तेच. सगळ्या शाळांना एकच इतिहासाचं पुस्तक करायचं, हे ताइफमध्ये लिहिलेलं. समित्या झाल्या. पण युद्धात कोण चुकलं हे लिहायचं तर लिहिणाऱ्यांच्या खुर्च्याही समसमान वाटाव्या लागतात, आणि त्या प्रत्येक खुर्चीत वेगळं युद्ध बसलेलं. शेवटी शाळेतला इतिहास स्वातंत्र्याच्या आसपास येऊन गप्प बसतो. त्यापुढचं आजी सांगते. कुठल्या गल्लीतली आजी, यावर पुढचं सगळं अवलंबून.

2015 च्या जुलैत बैरूतच्या दक्षिणेचा कचरा डेपो भरला म्हणून बंद झाला. नवा कुठे करायचा? प्रत्येक झईमचं म्हणणं, डेपो हवाच, पण माझ्या भागात नको. कंत्राट मात्र माझ्या माणसाला हवं. कचऱ्याला कुणी हिस्सेदार मिळेना. हिस्सा नको अशी त्या देशातली ही पहिलीच वस्तू असावी. उन्हाळ्यात रस्त्यांवर कचऱ्याचे डोंगर उभे राहिले आणि पोरांनी मोर्चा काढला. मोर्चाचं नाव होतं, 'तुमचा वास येतोय.' बेकने नाकाला रुमाल लावून निवेदन वाचलं की तरुणांच्या भावनांशी तो पूर्ण सहमत आहे.

बेकला एकटा समजू नका. त्याचे चुलतभाऊ जगभर आहेत. बोस्नियातल्या चुलतभावाकडे 1995 च्या डेटन करारापासून एकाच राष्ट्राध्यक्षपदावर तीन माणसं आहेत, एक बोस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट. दर आठ महिन्यांनी अध्यक्षपद पुढे सरकतं. तिथे सिगारेटच्या पाकिटावर 'धूम्रपानाने मृत्यू येतो' हा इशारा तीन भाषांत छापतात. त्यांतल्या दोन ओळी अक्षरन् अक्षर सारख्या, तिसरी लिपीपुरती वेगळी. मृत्यूही प्रत्येकाला आपापल्या भाषेत हवा. उत्तर आयर्लंडमधला चुलतभाऊ 1998 च्या करारातून निघाला. तिथे पहिला मंत्री आणि उपपहिला मंत्री यांचे अधिकार तंतोतंत सारखे. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. 2017 ते 2020 आणि पुन्हा 2022 ते 2024 अशी तिथली मंत्र्यांची दालनं ओस होती. दक्षिण सुदानच्या 2018 च्या समेटात एका राष्ट्राध्यक्षाला पाच उपराष्ट्राध्यक्ष मिळाले. बेकने हे ऐकलं तेव्हा तो बराच वेळ विचारात पडला. पाच! आपल्याकडे हे कुणाला सुचलं कसं नाही?

बेकचे जिवाभावाचे शत्रू दोन. एकाच्या टोळीने त्याच्या गावावर तोफा डागल्या होत्या. दुसऱ्याच्या गावावर याच्याने. आज तिघं मंत्रिमंडळाच्या टेबलाभोवती बसतात, आत शिरताना गालाला गाल लावून तीनदा मुके घेतात. कॅमेरे गेले की खुर्च्यांतलं अंतर पूर्ववत होतं. पण यातला एक जरी आजारी पडला तर बाकीच्या दोघांची झोप उडते. तिकडचा झईम नाहीसा झाला तर इकडच्यांना भीती कोणाची दाखवायची? "तो आला तर तुम्हाला खाईल" हे वाक्य बेकने चाळीस वर्षं चालवलं आहे, आणि तिकडे तोही हेच वाक्य चालवतो, फक्त 'तो' म्हणजे बेक. असे शत्रू मिळायलाही भाग्य लागतं.

एकदाच त्याची गडबड झाली. 2019 च्या ऑक्टोबरात सरकारने व्हॉट्सॲपवरच्या कॉलवर महिन्याला सहा डॉलर कर बसवायचं काढलं. पोरं रस्त्यावर आली, आणि आली ती अठराही पंथांची. त्यांची घोषणा होती, 'केल्लन यानी केल्लन', सगळे म्हणजे सगळे. बेक गच्चीतून ऐकत होता. त्याने सेक्रेटरीला विचारलं, "सगळे म्हणजे आपणसुद्धा?" सेक्रेटरीने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी बेकने मुलाखत दिली: "मुलं बरोबर बोलताहेत. सगळे भ्रष्ट आहेत. हे मी तीस वर्षं आतून सांगतोय." नंतरच्या वर्षांत बँकांनी लोकांच्या ठेवी अडकवल्या, आणि वर्षानुवर्षं डॉलरला पंधराशेच्या आसपास बांधलेलं लेबनीज चलन नव्वद हजारांच्या घरात घसरलं. तरी बेकच्या दिवाणखान्यातली गर्दी कमी झाली नाही; वाढली. ज्याच्या खिशातलं गेलं त्याला वशिला अधिक लागतो.

4 ऑगस्ट 2020 बद्दल तो बोलत नाही. बंदरावरच्या गोदामात 2,750 टन अमोनियम नायट्रेट सहा वर्षं पडून होतं. कस्टम्सला माहीत होतं, बंदर खात्याला माहीत होतं, सुरक्षा खात्याला माहीत होतं. कागद एका हिश्शातून दुसऱ्या हिश्शात जात राहिला. त्या संध्याकाळी दोनशेहून अधिक माणसं मेली. इथे माझीही लेखणी विनोद करायला कचरते.

मग या माणसाचं करायचं काय? कॉफी फिरवणारा तो म्हातारा नोकर मला सगळ्यांत शहाणा वाटतो. युद्धात त्याने याच घरात, वाळूच्या पोत्यांआड, हीच कॉफी फिरवली. बेकबद्दल त्याचं मत काही चांगलं नाही. पण तो म्हणतो, "तेव्हा पाव आणायला जाताना बायको दारात उभी राहायची, मी परत येईपर्यंत. आता पाव महाग आहे, एवढंच." 1989 साली कुणी जिंकत नव्हतं, कुणी हरत नव्हतं, आणि बंदूकवाल्यांनी बंदूक खाली ठेवायची तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागणार होतं. खुर्ची दिली. सौदा वाईट होता आणि त्या घटकेला त्याहून बरा कुणाकडे नव्हता. करार लिहिणाऱ्यांनाही ते कळत होतं. म्हणून त्यांनी त्यातच लिहून ठेवलं की पंथांवरची ही वाटणी हळूहळू मोडीत काढायची आणि त्यासाठी एक राष्ट्रीय समिती नेमायची. हाड जुळेपर्यंत प्लास्टर, असा तो बेत होता. ती समिती आजवर नेमली गेलेली नाही. प्लास्टर काढायला सगळ्यांची सहमती लागते, आणि सहमतीचा तिसरा हिस्सा अधिक एक बेकच्या खिशात आहे. "समितीला माझा पाठिंबाच आहे," तो म्हणतो. "फक्त तीत आमचे किती?"

दरबार उठत आला की शेवटच्या खुर्चीवर एक बाई उरते. काळा वेश, मांडीवर पर्स. ती नोकरी मागत नाही, डांबर मागत नाही. पर्समधून ती एक फोटो काढते: अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, रुंद कॉलरचा शर्ट. युद्धात एका नाक्यावर त्याला गाडीतून उतरवला, तेव्हापासून नाही. अशी बेपत्ता माणसं सतरा हजार सांगतात. 2018 साली त्यांच्या शोधासाठी कायदा झाला, पुढे आयोगही नेमला. ती मात्र बेककडे येते, कारण या देशात काम कुणाकडून होतं हे तिला ठाऊक आहे. तो नाका कुणाचा होता, तिला नक्की माहीत नाही. बेकचा असेल, समोरच्या दोघांपैकी एकाचा असेल. एकाला विचारलं तर तिघांना विचारावं लागेल, आणि तिघांना विचारलं तर सरकार पडेल.

बेक तिला उठून खुर्ची देतो. तिच्या हातात स्वतः कप देतो. माळेचे मणी थांबतात. फोन शेजारीच असतो. तो उचलत नाही. "आई," तो म्हणतो, "हा विषय सगळ्यांच्या सहमतीचा आहे."

तेवढ्यात वीज जाते.

चार-पाच सेकंद काहीच दिसत नाही. ना बेक, ना फोटो, ना भिंतीवरचे बापलेक. अंधारात फक्त बशीवर कप टेकल्याचा बारीक आवाज येतो. कुणी दारामागे सरकत नाही, कुणी जमिनीवर आडवं होत नाही. ज्या शहरात पंधरा वर्षं अंधार पडला की माणसं खिडकीपासून लांब जाऊन झोपायची, तिथे ही बाई काळोखात ताठ बसून राहते, फोटो हातात धरून. बेकने तिला दिलं ते एवढंच.

मग गल्लीत मावसभावाचा जनरेटर खोकतो, दिवे लागतात, आणि बेक बघतो तर बाई अजून त्याच्याकडेच बघत असते.